‘ट्रॉयमेराय’ कॉर्नेटवर आणायचं तर

कॉर्नेट हे छोट्या तुतारीसारखं पितळी वाद्य वाजवणाऱ्या सांगलीच्या एका तरुणानं विचारलं आहे: “मास्तर, आमचा घरचा बँड आहे. लग्नसराईत कॉर्नेट मी वाजवतो, युफोनियम धाकटा भाऊ वाजवतो. दोघांनाही स्टाफ नोटेशन वाचता येतं. शुमानचं ‘ट्रॉयमेराय’ आणि शोपाँचं ई फ्लॅटमधलं नॉक्टर्न ऐकलं, तेव्हापासून ते कॉर्नेटवर वाजवायची फार इच्छा आहे. घरी पियानो नाही, पण ओळखीचे एक पेटीवाले साथ करायला तयार आहेत. पियानोच्या उजव्या हाताची वरची ओळ उतरवून घेतली की झालं का? चातुर्मासात लग्नं नसतात, तेवढ्यात बसवायचं आहे.”

थेट सांगायचं तर ‘ट्रॉयमेराय’ घे आणि नॉक्टर्न (रात्रीच्या भावाची पियानो रचना) सध्या बाजूला ठेव. वरची ओळ उतरवून घेणं हे काम एका संध्याकाळचं आहे. त्यानंतरचं काम मात्र पावसाळाभर पुरेल, आणि खरी अरेंजमेंट तिथेच होते. मी पचमढीला लष्करी संगीत शिकलो, फौजेच्या बँडमध्ये आधी कॉर्नेट आणि नंतर युफोनियम, म्हणजे त्याचं खर्जातलं मोठं भावंड, वाजवून निवृत्त झालो, आता साताऱ्यात मुलांना शिकवतो. या छोट्या पियानो रचना आमच्या मुलांकडून बसवून घेताना जे हाती लागलं ते इथे लिहितो.

सगळ्याच्या मुळाशी एक गोष्ट आहे. पियानोची पट्टी दाबली की हातोडी तारेवर पडते आणि त्या क्षणापासून स्वर विरायला लागतो. वाजवणाऱ्याला तो पुन्हा वाढवता येत नाही. शुमान, शोपाँ, मेंडेल्सोन या युरोपीय रचनाकारांनी विरत जाणाऱ्या याच स्वरांवर रचना केल्या. लांब स्वराखाली कॉर्ड हलवायचे, पेडलनं जुने स्वर रेंगाळू द्यायचे, म्हणजे गाणं चालू असल्याचा भास होतो. कॉर्नेटचं उलट आहे. दम आहे तोवर स्वर जिवंत असतो, वाढवता येतो, कमी करता येतो. म्हणजे पियानोला ज्याचा भास निर्माण करावा लागतो ते तुझ्याकडे खरोखर आहे, आणि पियानोकडे जे आपोआप आहे, म्हणजे कॉर्ड, खर्ज आणि न थकणारी बोटं, ते तुझ्याकडे नाही. रचना निवडताना, पट्टी ठरवताना, श्वासाची खूण करताना, प्रत्येक ठिकाणी हा फरक समोर ठेवायचा.

तू हे काम पहिल्यांदा करतो आहेस असं समजू नकोस. गळ्यातून आलेलं गाणं कॉर्नेटवर आणायचं, बाईच्या आवाजातलं असेल तर पट्टी बदलायची, ताना ओठांना झेपतील एवढ्याच ठेवायच्या, मधलं म्युझिक क्लॅरिओनेटला द्यायचं, हे बँडवाल्यांच्या घरात रोज चालतं. पाश्चात्त्य परंपरेतही कॉर्नेटचं शिक्षण असंच झालं आहे. पॅरिसच्या आर्बान या कॉर्नेटवादकानं 1864 मध्ये जी जाडजूड पद्धती (शिकवण्याचं पुस्तक) छापली तिच्यात दीडशे गाणी आणि सुरावटी केवळ ‘गाता यावं’ म्हणून घातल्या आहेत, आणि त्यातल्या कितीतरी मुळात गळ्यासाठी रचलेल्या आहेत. तेव्हा पियानोचं कॉर्नेटवर आणणं म्हणजे काही आगळीक नव्हे.

आता ‘ट्रॉयमेराय’. शुमानच्या ‘बालपणीची दृश्ये’ या ओपस (म्हणजे रचना क्रमांक) 15 मालिकेतल्या तेरा तुकड्यांमधला हा सातवा, 1838 चा. लिहिलेले बार (चार मात्रांचे कप्पे) 24, त्यातले पहिले आठ पुन्हा वाजवायचे, म्हणजे ऐकायला 32. मूळ पट्टी एफ मेजर, पेटीवाल्यांच्या भाषेत पांढरी चार. तुझा कॉर्नेट बी फ्लॅटचा, कागदावरचा सी त्यावर बी फ्लॅट ऐकू येतो, त्यामुळे मूळ पट्टीत वाजवायचं तर तुला जी मेजरमध्ये वाचावं लागेल. तसं करू नकोस. रचना सुरू होते ती खालच्या सी वरून. मूळ पट्टीत तो तुला खालचा डी म्हणून येईल, आणि हा डी पहिला आणि तिसरा पिस्टन एकत्र दाबून निघतो. पिस्टनच्या नळ्यांची लांबी अशी असते की ही जोडी नेहमी चढी बोलते. तिसरी नळी बाहेर ओढून ती उतरवायची असते, आणि पुष्कळ साध्या कॉर्नेटांना त्या नळीला बोट घालायला अंगठीच नसते. सगळ्या रचनेतला सर्वात एकटा, हळुवार स्वर वाद्याच्या सर्वात बेसूर जागेवर यायचा. शिवाय वरच्या उड्या बी-सीच्या टापूत जातात, आणि तिथे हळुवार वाजवणं मिरवणुकीत तयार झालेल्या ओठांना जड जातं.

उपाय अगदी सोपा आहे. छापील पियानोची वरची ओळ कॉर्नेटवर जशीच्या तशी वाच, काहीही न बदलता. ऐकू येईल ई फ्लॅट मेजर, म्हणजे काळी दोन. पहिला सी उघडा निघतो, कोणताही पिस्टन न दाबता. नंतरचा एफ पहिल्या पिस्टनवर. वरची टोकं ए-बी फ्लॅटच्या टापूत राहतात. पेटीवाल्यांना फक्त “काळी दोन” एवढं सांग. कुणी कीबोर्डवर साथ करणार असेल तर त्याला ट्रान्सपोजच्या बटणावर उणे दोन करायला सांग, म्हणजे तोही छापील कागदच वाचेल.

मूळ पट्टी सोडली की रचनेचा अपमान होतो असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. पियानोकारानं पट्टी निवडताना बहुतेकदा हाताची सोय पाहिलेली असते. शोपाँ तर शिकणाऱ्यांना आधी बी मेजरचं स्केल द्यायचा, कारण लांब बोटं काळ्या पट्ट्यांवर नैसर्गिक पडतात. तुझ्या तीन पिस्टनांना त्या सोयीचा काय उपयोग? स्वर कोणत्या उंचीवर बोलतो याला महत्त्व आहे. पण एक स्वर खाली आल्यानं ‘ट्रॉयमेराय’चा रंग जात नाही, उलट कॉर्नेट तिथे जास्त गोल बोलतो.

पट्टी ठरल्यावर शेवटाकडून मागे काम कर. अखेरच्या ओळीत, 22 व्या बारमध्ये, चढत जाऊन जो ए येतो त्याच्यावर फर्माटा (स्वर लांबवून थांबायची खूण) आहे. सगळी रचना त्या स्वराकडे चाललेली आहे. तो ओरडून वाजवला तर आधीचं सगळं फुकट जातं. तो मऊ यायला हवा आणि त्याला घाई नको. पियानोवाल्याचं बोट तिथे पोचेपर्यंत थकलेलं नसतं. तुझे ओठ जवळजवळ दोन मिनिटं सलग वाजवून थकलेले असतील. खुद्द शुमाननं 1849 मध्ये हॉर्न आणि पियानोसाठी अदाजिओ आणि अलेग्रो लिहिलं, ओपस 70. त्यात हॉर्नला विश्रांती इतकी कमी आहे की अजूनही वादक ते धास्तीनंच हातात घेतात. म्हणून विश्रांती आपण अरेंजमेंटमध्येच लिहायची.

तुमच्या घरात त्याची सोय आहे. पहिले आठ बार तू वाजव. त्यांची पुनरावृत्ती येईल तेव्हा कॉर्नेट खाली ठेव आणि तीच ओळ भावाला युफोनियमवर वाजवू दे. युफोनियमवाला ट्रेबल क्लेफ (कॉर्नेटसारखी वरच्या स्वरांची लिपी) वाचत असेल तर त्याला कागदही तुझाच चालेल, बोटंही तीच, आवाज एक सप्तक खाली. एकच धून दोन वेळा ऐकवण्याऐवजी दोन आवाजांत आली की ऐकणाऱ्याचं लक्षही टिकतं. मग नवव्या बारपासून शेवटपर्यंत पुन्हा तू, आणि भाऊ खर्जात. आठ बार ओठ मोकळे मिळाले की तो शेवटचा ए हाती राहतो.

दमाचा हिशेब कागदावर कर. चार बारचं एक वाक्य, म्हणजे सोळा मात्रा. जुन्या छापील प्रतीत मेट्रोनोम 100 (मिनिटाला शंभर मात्रा) दिलेला आहे, पण त्या वेगानं कुणी फारसं वाजवत नाही. मी मुलांना 66 ते 72 च्या मध्ये ठेवतो. 66 नं सोळा मात्रांना साडेचौदा सेकंद लागतात. हळुवार वाजवताना एका दमात एवढं निघतं, पण वाक्याच्या शेवटी स्वर कोरडा पडतो. तेव्हा मधे एक छोटा दम लागणारच, तो कुठे घ्यायचा एवढंच ठरवायचं. पहिल्या सी नंतर नको, कारण तो सी पुढच्या एफमध्ये टेकायलाच आलेला आहे. वर चढणाऱ्या स्वरांच्या मधे तर कधीच नको. वरच्या टोकाचा स्वर पुरता ऐकू आल्यावर, उतरण सुरू होण्याआधी घे. तिथे दम घेतला तर ऐकणाऱ्याला तो गाण्याचाच भाग वाटतो. पेन्सिलीनं खूण कर, आणि रोज त्याच जागी दम घे. आज इथे, उद्या तिथे असं केलंस तर रचना अंगात मुरत नाही.

लांब स्वरांबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण बँडची मुलं इथेच अडखळतात. मिरवणुकीत लांब स्वर भरून, सरळ, शेवटपर्यंत एकाच जोरानं धरायची सवय असते. उघड्यावर, ढोल-ताशाच्या शेजारी ते बरोबरच आहे. इथे पहिल्या बारमधला एफ तसा धरलास तर त्यापुढचा ई धक्का दिल्यासारखा येतो. पियानोवर काय घडतं ते नीट ऐक. एफ वाजतो, विरायला लागतो, दुसऱ्या मात्रेला त्याच्याखाली कॉर्ड उमलतो, आणि मग पुढचा स्वर विरलेल्या एफच्या पातळीवरून सुरू होऊन वर चढत जातो. तू स्वर मुद्दाम विझवायचा नाहीस, नाहीतर पितळेची सगळी श्रीमंती घालवशील. पण एफ सुरू झाल्यावर किंचित सोड, दुसऱ्या मात्रेच्या कॉर्डला बोलायला जागा दे, आणि चढणीच्या स्वरांत हवा वाढवत ने. हे एकच वळण साधायला आमच्या मुलांना आठवडे लागतात, आणि ते साधलं की बाकीची रचना भराभर बसते.

जिभेचंही तसंच. पियानोच्या ओळीवर मोठी स्लर (स्वर जोडून वाजवायची कमान) असते, पण प्रत्येक स्वराला हातोडीचा बारीक स्पर्श असतोच. कॉर्नेटवर संपूर्ण ओळ जिभेशिवाय वाजवली की स्वर एकमेकांत मिसळून चिखल होतो. ‘तू’ असा जिभेचा ठोका इथे फार कडक पडतो. ‘दू’ म्हण, हवा न तोडता. पिस्टन बदलताना मधे घाण येते तिथेच ‘दू’, आणि उघड्या स्वरावरून सहज जाता येतं तिथे नुसती स्लर. मींड आणि अर्ध्या पिस्टनचे कण इथे वापरू नकोस. सिनेगीतात ते शोभतात, पण शुमानच्या ओळीखालचे कॉर्ड इतके नेमके आहेत की मधला घसरता स्वर त्यांच्याशी भांडतो. आंदोलनही कमी ठेव, शेवटच्या लांब स्वरांपुरतं.

आता साथ. पेटीवाल्यांचा तू सहज उल्लेख केला आहेस, पण तुझ्या अरेंजमेंटचं अर्धं यश तिथे आहे. सांगलीत चांगले पेटीवाले मिळणं हे भाग्यच आहे, नाट्यसंगीताचा इतका जुना संस्कार त्या गावाला आहे. पण त्याच संस्कारातून एक अडचण येते. आपल्याकडे पेटीवाला गाणाऱ्याच्या मागोमाग तीच सुरावट वाजवतो, आणि साथ चांगली म्हणजे ती सावलीसारखी. इथे ते अजिबात चालणार नाही. तुझी ओळ पेटीवर आली की दोन ठिकाणी किंचित वेगळं सुरात असलेला तोच स्वर ऐकू येईल, आणि ज्या मधल्या आवाजांवर ‘ट्रॉयमेराय’ उभं आहे ते कुणीच वाजवणार नाही. म्हणून पहिल्याच बैठकीत त्यांना आदरानं सांग: काका, मी जे वाजवतो ते तुम्ही वाजवू नका, माझ्या खालचं वाजवा.

दुसरी गोष्ट, पेटीवाल्याचा एक हात भात्यावर असतो. म्हणजे पियानोच्या दोन हातांचं काम एका हातात बसवायचं आहे, आणि पियानोचा रुंद डावा हात तिथे मावणार नाही. त्यामुळे असं वाटप कर. खर्जाचा स्वर भावाच्या युफोनियमला. मधले दोन किंवा तीन स्वर पेटीला, शक्यतो एका सप्तकाच्या आत. वरची ओळ तुला. तीन पिस्टनच्या युफोनियमवर खाली ऐकू येणाऱ्या ई पर्यंतच जाता येतं, त्याखालचा ई फ्लॅट निघत नाही, आणि आपल्या पट्टीत सर्वात खालचा मूळ सा नेमका तोच आहे. भावाला तो एक सप्तक वर घ्यायला सांग. खोली थोडी कमी होईल, पण सुरात राहील.

पेटी आणि कॉर्नेट दोन्ही स्वर धरून ठेवणारी वाद्यं आहेत, हेही विसरू नकोस. पियानोचे कॉर्ड विरतात म्हणून वरच्या ओळीला आपोआप जागा मिळते. पेटीचे कॉर्ड विरत नाहीत. ते मात्रा पुरी होईपर्यंत दाबून धरले की सगळा आवाज एकसारखा दाट होतो. पेटीवाल्यांना कॉर्ड थोडा आधीच सोडायला सांग, भाता हलका ठेवायला सांग. तुला वाटेल आवाज विरळ झाला, पण समोर बसून ऐकणाऱ्याला तेव्हाच तुझी ओळ मोकळी ऐकू येते. पडताळायचं असेल तर मोबाइल खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवून दोन्ही प्रकारे ध्वनिमुद्रण कर.

त्यांना स्टाफ नोटेशन येत नसेल तर अडायचं कारण नाही. काळी दोनला सा धरून कॉर्ड स्वरांत लिहून दे. सुरुवात सा-ग-प. त्या फर्माट्याच्या जागी तुझ्या ओठांवर ग असतो, त्याच्याखाली रे, तीव्र म, ध, सा असा कॉर्ड आहे. रे भाऊ धरेल. तीव्र म, ध आणि सा पेटीवर. तो तीव्र म सुटला तर सगळी जागाच सपाट होते, तेव्हा कागदावर त्याच्याभोवती गोल कर. आपल्या माणसांना तीव्र मध्यमाचं वजन समजावून सांगावं लागत नाही. एकदा कानावर पडला की ते स्वतःच तिथे थांबतात.

सुरात येण्यासाठी कॉर्नेटच्या उघड्या स्वरांची एक खोड ओळखून ठेव. वरच्या जागेतला उघडा ई निसर्गतः उतरा असतो, पियानो-पेटीच्या समान विभागणीपेक्षा साधारण 14 सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग). एकटा सराव करताना तंबोऱ्यावर कर, मिरज तुझ्या शेजारी आहे, चांगला तंबोरा ऐकायला कुणी तुला नाही म्हणणार नाही. तुझ्या सी ला सा धरलं तर हा ई गंधार होतो, आणि तंबोऱ्यावर तो किंचित उतराच गोड लागतो. पण पेटीबरोबर वाजवताना तोच ई थोडा चढा घ्यावा लागेल. दोन्हीची सवय वेगळी कर. एकदम दोन्ही करायला गेलास तर कान गोंधळतो.

नॉक्टर्न बाजूला ठेवायला का सांगितलं ते आता बघ. ओपस 9 चं दुसरं, ई फ्लॅट मेजर, 12/8. पट्टी कॉर्नेटला सोयीची आहे, म्हणून मुलांना मोह पडतो. पण सुरुवातीच्या ओळीतच सी वरून पुढच्या सप्तकातल्या सी वर उडी आहे, जो तुला वरचा डी म्हणून येईल, आणि तो हळुवार हवा. पुढे तीच ओळ प्रत्येक वेळी नव्या अलंकारांनी येते, आणि शेवटाजवळ पियानोच्या अगदी वरच्या टोकाला ताल सोडून फिरणारी एक लांब तान आहे. ती पितळेवर त्या उंचीवर नाही वाजत, आणि एक-दोन सप्तकं खाली आणली तर ती चमक राहत नाही. खाली डावा हात दर ठोक्याला खर्ज आणि दोन कॉर्ड अशी झेप घेतो, तो एका हाताच्या पेटीला अशक्य. या नॉक्टर्नची युफोनियमवर, खऱ्या पियानोबरोबर, ती तान कापून केलेली अरेंजमेंट चांगली होऊ शकते. तुमच्याकडे पियानो येईल तेव्हा भावाला ती करू दे.

शोपाँच वाजवायचा असेल तर ओपस 28 मधला चौथा प्रेल्यूड (छोटी पियानो रचना) घे, ई मायनर. वरची ओळ जवळजवळ जागची हलत नाही, दोन शेजारच्या स्वरांत रेंगाळते. खाली तीन-तीन स्वरांचे कॉर्ड अर्ध्या-अर्ध्या स्वरानं उतरत जातात. नुसती वरची ओळ वाजवली तर ऐकणारा विचारेल की गाणं कुठे आहे. ‘उजव्या हाताची ओळ उतरवली की झालं का’ या तुझ्या प्रश्नाचं यापेक्षा स्पष्ट उत्तर दुसरं नाही. पण तेच तीन स्वरांचे कॉर्ड पेटीवर एका हातात नेमके बसतात! पियानोवर ते परत परत ठोकावे लागतात, कारण विरतात. पेटीवर फक्त बदलणारं एक बोट हलवायचं, बाकीची धरून ठेवायची. मला तर हा प्रेल्यूड कॉर्नेट आणि पेटी यांच्यासाठीच लिहिला असावा असं वाटतं. इथेही छापील ओळ तशीच वाच, ऐकू येईल डी मायनर, पेटीला पांढरी दोन. मधे एकदा जोर येतो, त्यासाठी हवा राखून ठेव. शेवटचे तीन कॉर्ड पेटी आणि युफोनियमचे, तू तिथे फारसं काही करू नकोस.

शोपाँच्या लयीबद्दल एक. तो शिष्यांना सांगायचा की डावा हात म्हणजे वाद्यवृंदाचा संचालक, त्यानं लय सोडायची नाही. वरची ओळ मागेपुढे झाली तरी चालते. ठुमरी आणि नाट्यपद ऐकलेल्या माणसाला हे नवीन नाही. पण पेटीवाल्यांची सवय तुझ्यामागे येण्याची आहे, म्हणून तू रेंगाळलास की तेही रेंगाळतील आणि लय ढिली पडेल. त्यांना पायानं लय धरून ठेवायला सांग.

कार्यक्रमात काही तरतरीत हवं असेल तर चायकोव्हस्कीच्या ‘मुलांसाठी अल्बम’मधलं नापोलीचं गाणं घे. ओपस 39, 1878, ई फ्लॅट मेजर, म्हणजे तुला एफ. याची गंमत अशी की ही धून आधी कॉर्नेटचीच होती. 1877 च्या ‘स्वान लेक’मध्ये नापोलीच्या नृत्यात कॉर्नेटला एकट्याला ती दिलेली आहे, पियानोच्या पुस्तकात ती नंतर आली. तू ती परत घरी आणतो आहेस. त्याच अल्बममधलं जुनं फ्रेंच गाणं साथ नसेल तर तंबोऱ्यावरही छान उभं राहतं, निदान पहिला भाग, कारण त्याची धून कॉर्डवर फारशी टेकलेली नाही.

भावाला एकट्याला काही द्यायचं तर शुमानच्याच ओपस 68 मधला आनंदी शेतकरी. 1848 च्या या अल्बममधला हा दहावा तुकडा. त्याची धून मुळातच डाव्या हातात, बास क्लेफमध्ये आहे, उजवा हात वर हलके कॉर्ड टाकतो. युफोनियमला पट्टीसुद्धा बदलावी लागत नाही. दोघांनी मिळून करायचं तर मेंडेल्सोनच्या शब्दांविना गीतांमधलं ओपस 38 चं सहावं पाहा, त्याचं नावच ‘दुएत्तो’ आहे, दोन आवाजांचा संवाद. मात्र तिथे साथीला पियानो किंवा चांगला कीबोर्डच हवा.

मूळ प्रती आयएमएसएलपी या स्वरलिपींच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. शुमान 1856 मध्ये गेला, शोपाँ 1849 मध्ये, चायकोव्हस्की 1893 मध्ये, तेव्हा मूळ रचनांवर कुणाचा हक्क राहिलेला नाही. हल्ली कुणी केलेली तयार अरेंजमेंट मात्र त्या माणसाची असते, ती झेरॉक्स करून फिरवू नकोस. म्यूझस्कोर या स्वरलिपी लिहिण्याच्या संगणक-प्रोग्रॅममध्ये लिहिणार असशील तर वाद्य आधी बी फ्लॅट कॉर्नेट निवड, नाहीतर छापल्यावर सगळं एक स्वर सरकलेलं निघेल. माझा आग्रह मात्र पहिली प्रत हातानं लिहिण्याचा आहे. हातानं लिहिताना प्रत्येक दमाच्या खुणेला आपण थांबतो.

पहिले पंधरा दिवस कॉर्नेटला हात न लावता ‘ट्रॉयमेराय’ गा, काळी दोनमध्ये, सरगमनं, खुणा केलेल्या ठिकाणीच दम घेत. गाताना जिथे दम अपुरा पडेल तिथे कॉर्नेटवरही पडणार. मग तुझी ओळ, भावाचा खर्ज आणि पेटीचे कॉर्ड एकाखाली एक असं पान तयार कर आणि पेटीवाल्यांकडे जाण्याआधी त्याचा फोटो मला पाठव. 22 वा बार मी आधी बघेन.